चिंकीसाठी डॉक्टर

गेल्या वर्षी लस टोचल्यावर दहा मिनिटांत चिंकीचं तोंड सुजलं. उलट्या झाल्या आणि विश्रांतवाडीतल्या त्या दवाखान्याच्या पायरीवरच ती आडवी पडली. तिथल्या डॉक्टरांनी धावपळ करून वाचवलं, पण नंतर दोन दिवस नाजिमाने शिलाई मशीन उघडलंच नाही. यंदा मोबाईलवर लसीची आठवण आली आणि तिने तो पालथा ठेवला.

चिंकी गल्लीतलीच कुत्री. नाजिमाच्या ब्लाउजांच्या दुकानापाशी एकदा येऊन बसली ती सहा वर्षं उठलीच नाही.

"खाला, रक्त तपासून कळतं," तिची भाची मिसबा म्हणाली. "आधीच्या लसीची ताकद अंगात शिल्लक असेल तर परत टोचायला लागत नाही. टायटर टेस्ट म्हणतात."

नाजिमाने एकेका दवाखान्याला फोन लावले. एकाने विचारलं, "हे मोबाईलवर वाचलंत का?" दुसरा म्हणाला, वर्षाला लस म्हणजे लस. हडपसरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, "टेस्ट करू की. आणि लसही देऊन टाकू."

"मग टेस्ट कशाला?" नाजिमाने विचारलं. त्यावर त्यांना दुसरा फोन आला.

सातवा फोन नारायण पेठेत, डॉ. भीमराव शेलारांना. त्यांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"नाव ऐकलंय. केलेली नाही कधी," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं दर वर्षी टोचतोय. कुणी विचारलं नाही, मलाही विचारावंसं वाटलं नाही. चार दिवस द्या."

चार दिवस म्हणजे नाहीच, असं नाजिमाने धरलं. पण चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"शेलार बोलतोय. वाचलं सगळं. पूर्वा म्हणून माझी एक विद्यार्थिनी आहे, ती हेच काम करते. तिच्याकडे शिकवणी लावली म्हणा ना. कुत्रीला घेऊन या."

डॉक्टर सत्तरीला टेकलेले. टेबलावर वही उघडी होती, शाळकरी पोरासारखी लाल शाईने रेघा मारलेली. चिंकीला टेबलावर न चढवता ते स्वतः गुडघे धरत जमिनीवर बसले आणि पायातून रक्त घेतलं. चिंकीला कळलंही नाही.

आठ दिवसांनी अहवाल आला. डिस्टेंपर आणि पार्व्हो, दोन्ही रोगांविरुद्धची ताकद भरपूर होती.

"यांची लस यंदा नको," डॉक्टर म्हणाले. नाजिमाने सुटकेचा निःश्वास टाकला. "रेबीजची मात्र द्यायची."

"डॉक्टर, नको हो. परत तसं झालं तर?"

"होऊ शकतं. मागच्या खेपेला ती लस आणि रेबीजची, दोन्ही एकदम दिल्या होत्या, नेमकी कशाने सूज आली ते मलाही सांगता येणार नाही. पण रेबीज झाला तर औषध नाही, बाई. चिंकीला नाही, तुम्हालाही नाही. तिथे मी तुमचं ऐकणार नाही."

त्यांच्या आवाजात जरब नव्हती. नाजिमाने होकारार्थी मान हलवली.

आधी त्यांनी ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने लस. मग बाहेरच्या माणसांना सांगितलं, "तासभर दुसरं कुणी नाही. घाई असेल तर पेठेत डॉक्टर पुष्कळ आहेत." आणि चिंकीशेजारी फरशीवर बसून राहिले, तिच्या हिरड्यांचा रंग बघत, छातीवर हात ठेवून. सूज आलीच तर द्यायची सुई हाताशी भरून ठेवलेली. नाजिमा ओढणीचं टोक पिळत होती. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पंचविसाव्या मिनिटाला चिंकीने लांबलचक जांभई दिली आणि डॉक्टरांच्या मांडीवर डोकं टाकून झोपून गेली.

"आता मला उठता येत नाही," डॉक्टर म्हणाले. नाजिमा एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

निघताना तिने विचारलं, "तुम्ही एवढे जुने डॉक्टर. नाही म्हटलं असतंत तरी चाललं असतं. का केलंत?"

"तुमचा प्रश्न बरोबर होता," ते म्हणाले. "उत्तर नव्हतं माझ्याकडे, म्हणून."

बाहेर ताटकळलेले एक गृहस्थ लॅब्रेडॉर घेऊन आत शिरले. "वर्षाची लस, डॉक्टर. लवकर करा."

"बसा," डॉक्टरांनी त्यांची फाईल मागून घेतली. "आधी काय काय कधी दिलंय ते बघू. मग ठरवू."

नाजिमा दारातच थबकली. त्या गृहस्थांना ती म्हणाली, "बसा हो. वेळ लागला तरी बसा."