सुसरीच्या घरी सोयर

मित्रांनो, आधी एक खुलासा करते. मी सिमेंटची नाही. बनारसच्या वेशीबाहेर प्राण्यांची एक लहानशी बाग आहे; तिथल्या तळ्याकाठी जबडा उघडा टाकून पडलेली जुनी सुसर मीच. जबडा उघडा असतो तो भुकेने नव्हे. ऊन अंगात फार साचलं की आम्ही तोंडावाटे गारवा घेतो. पण कठड्यापलीकडच्या मंडळींना हे कोण सांगणार? तोंड उघडं दिसलं की त्यात काहीतरी टाकलंच पाहिजे, असं त्यांना वाटतं.

देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती, तेव्हा विंध्याच्या पायथ्याच्या एका तलावात माझा जन्म झाला. वीतभर असतानाच मी कोळ्यांच्या जाळ्यात सापडले आणि पत्र्याच्या टबात बसून इथे आले. पुढे माझ्यासमोर सिंहाच्या पिंजऱ्याहून जास्त गर्दी व्हायची, हे मी अभिमानाने सांगते. मात्र त्या कौतुकाची रीत अजब होती. मी तासन्‌तास हलत नसे. मग कुणीतरी म्हणे, "नकली है!" आणि खरी की खोटी ते ठरवायला दगड येई. विटांचे तुकडे आले, सोडावॉटरच्या बाटल्या आल्या. एका जावईबापूंनी तर सासुरवाडीच्या माणसांसमोर ऐट दाखवायला पायातली नवी चप्पल फेकली. ती मी परत केली नाही.

माझा रखवालदार होता वेणीमाधव. ब्रह्मा घाटावरच्या जुन्या मराठी घरातला. वडील पाठशाळेत वेद शिकवायचे आणि मुलगा माझ्यासाठी बादलीतून मासे आणायचा. यावरून घाटावर त्याला पुष्कळ टोमणे बसत. तो ते ऐकून घ्यायचा, संध्याकाळी पंचगंगा घाटावर गंगेत बुडी मारायचा आणि घरी जायचा. इतक्या वर्षांत त्याने मासा कधी माझ्या अंगावर फेकला नाही. बादली टेकवून दोनदा वाजवायची आणि मी येईपर्यंत उभं राहायचं, ही त्याची पद्धत. वाट पाहणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

एका फाल्गुनात एक दगड माझ्या डोळ्याखाली लागला. वेणीमाधव कधी आवाज चढवत नसे, पण त्या दिवशी तो कठड्यावर चढून ओरडला, "अरे, गंगा मैया की सवारी है यह! इसी को मारते हो?"

सुसर म्हणजे गंगेचं वाहन, हे आठवून लोक वरमले. दगड त्याच दिवशी थांबले. वेणीमाधव खूश, मी त्याहून खूश. पण आम्ही दोघंही बनारसला पुरते ओळखत नव्हतो. आठवड्याभरात झेंडूच्या माळा यायला लागल्या. मग पेढे, तेही प्लास्टिकच्या पन्नीसकट. मग दुधाचे लोटे. आणि मग नारळ! नावेतून गंगेला नारळ वाहायची सवय असलेले हात ते. डोळे मिटून, नमस्कार करून, नेम धरल्यासारखे फेकायचे. तळं आंबलं. वेणीमाधव दिवसभर जाळी घेऊन माझ्याभोवतीचं पुण्य उपसत बसायचा.

हिवाळ्यात माझ्या तळ्यात काही दिवस एक नर आणून सोडला होता; त्याच चैत्रात मी काठच्या वाळूत अंडी घातली. जागा कठड्याच्या अगदी खाली होती, कारण वाळू तेवढीच होती. दोनच दिवसांत एक नारळ नेमका तिथे आदळला. वाळूतून पिवळा ओघळ वर आला.

तो रविवार होता. वेणीमाधवची बायको शरदिनी डबा घेऊन आली, तेव्हा तो डोकं धरून बसला होता.

"दगडाचा नारळ मीच केला," तो म्हणाला. "आता कुणाला मना करू? सगळे हात जोडून फेकतात. राहिलेली अंडी पण जातील."

शरदिनीने वाळूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, बाळंतीण घरात असली की आपण पूजा करतो का? सोयर पाळतोच ना? मग हिला पण सोयर लावा की."

"सुसरीला सोयर?"

"सवारी तुम्हीच म्हणालात. मग सोयरात तिला चढ़ावा कसा चालेल? इथले लोक सोयराला पण सूतकच म्हणतात. तसं सांगा, फौरन समजेल."

दुसऱ्या दिवशी कठड्यावर पाटी लागली : 'मैया की सवारी के घर सूतक है। चढ़ावा वर्जित।' काय सांगू, मित्रांनो! लोक वाचायचे आणि काढलेला नारळ मुकाट्याने पिशवीत ठेवायचे. बायका एकमेकींना हळू बोलायला सांगायच्या. कुणी विचारायचं, "कब तक है, गुरु?" वेणीमाधव म्हणायचा, "बच्चे निकलने तक।" माणसांचं दहा दिवसांचं सोयर माझ्यासाठी दोन महिने चाललं आणि एकाही शास्त्रीबुवांनी हरकत घेतली नाही. शरदिनीच्या बुद्धीला मी आजही मानते.

ज्येष्ठातल्या एका सकाळी वाळूखालून चिवचिव ऐकू आली. मी वाळू उकरली. आम्हाला हात नाहीत. पिल्लांना पाण्यात न्यायचं तर जबड्यातूनच. पहिलं पिल्लू मी अलगद दातांमध्ये धरलं आणि वळले.

"अरे, खा गई! अपने ही बच्चे को खा गई!"

क्षणापूर्वी जोडलेले हात दगड शोधू लागले. एक माझ्या पाठीवर बसला. दुसरा घरट्याच्या काठावर पडला, जिथे बाकीची पिल्लं वाट बघत होती. मला ओरडता येत नव्हतं. पळताही येत नव्हतं.

तेवढ्यात वेणीमाधव कठडा ओलांडून आत उतरला. हातात काठी नव्हती. घरटं आणि माणसं यांच्यामध्ये तो उभा राहिला आणि म्हणाला, "मारिए। पहले हमको लगेगा।"

एक दगड लागलाच, कपाळाला. तो हलला नाही.

मी त्याच्यापासून चार हातांवर होते. मित्रांनो, मी रानटी जनावर आहे. पिल्लांजवळ आलेल्याला मी सोडत नाही, मग तो बादली आणणारा का असेना. त्या वेळी माझ्या जबड्यात पिल्लू नसतं तर मी काय केलं असतं, याची मला आजही खात्री नाही. त्यालाही नव्हती. तरी त्याने पाठ माझ्याकडे केली आणि तोंड तुमच्याकडे. एवढा धीट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी पाण्यात गेले, जबडा उघडला आणि पिल्लू पोहत बाहेर आलं. कठड्यावरचे उगारलेले हात थांबले. मग एक बाई हळूच म्हणाली, "यह तो पहुँचा रही है।" मी परत आले, दुसरं नेलं, तिसरं नेलं. शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत वेणीमाधव त्या उन्हात तसाच उभा होता. लोकही उभे राहिले. कुणीतरी हातातला दगड आवाज होऊ न देता खाली ठेवला.

आता तो निवृत्त झाला आहे. हल्ली दगड कमी येतात. चिप्सची पाकिटं आणि शिट्ट्या येतात. मित्रांनो, प्रत्येक कठड्यापाशी एक वेणीमाधव उभा करता येत नाही. म्हणून शेजारच्याने हात उचलला, की ती जागा तुम्ही घ्या. त्याला अडवा. मात्र कठड्याच्या बाहेर राहूनच. माझ्या जबड्यात दर वेळी पिल्लू असेलच असं नाही.