नेल्डाने दाखवलेली कालवड

शनिवारी सकाळी साडेनऊला मार्ला ब्रॅनमने कळपातून एक काळी कालवड वेगळी काढली. कोणती काढायची ते तिला थोरल्या बहिणीने, नेल्डाने, सांगितलं होतं. ती कालवड वाईट आहे हे नेल्डाला ठाऊक होतं.

दोघींच्या मध्ये होती पेनी, त्यांच्या वडिलांची तांबडी घोडी. ऑक्टोबरात फोर्ट वर्थला मोठी स्पर्धा होती आणि पेनीवर एकच जण बसू शकणार होतं. म्हातारा हॉलिस ब्रॅनम मंगळवारी जेवता जेवता म्हणाला होता, "शनिवारी गावच्या मैदानात दोघी बसा. जिचे गुण जास्त, ती फोर्ट वर्थला जाईल." मग त्याने शेंगांच्या भांड्याकडे हात केला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

नेल्डाच्या लेखी तो संपला नव्हता. पेनी दोन वर्षांची शिंगरू होती तेव्हा तिच्या पाठीवर पहिलं खोगीर नेल्डाने टाकलं होतं. हिवाळ्यात तिच्या पाण्यावरचा बर्फ नेल्डाने फोडला होता. मार्ला तेव्हा टल्सात दातांच्या दवाखान्यात फोन उचलत होती. मार्चमध्ये तिचा घटस्फोट झाला, ती दोन सुटकेसा घेऊन घरी आली, आणि एप्रिलमध्ये म्हाताऱ्याने तिला पेनीवर बसवलं. "पोरीचं मन रमेल," एवढंच त्याने कारण दिलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला फार अक्कल लागत नाही, असं नेल्डा स्वतःशी म्हणाली आणि गप्प राहिली.

गप्प राहणं पुढे जड जाऊ लागलं. या खेळात स्वाराने घोडा संथ चालीने कळपात घालायचा, एक जनावर बाहेर आणायचं, आणि मग लगामाचा हात घोड्याच्या मानेवर टेकवून विसरून जायचा. जनावराला कळपात परत जाऊ न देणं ही घोड्याची जबाबदारी. घोडा डावीउजवीकडे असा झेपावतो की नवख्याला आपण पडणार असं वाटतं, आणि हात आपोआप वर येतो. हात वर आला की गुण गेले. हॉलिसने नेल्डाला तीस वर्षं एकच गोष्ट सांगितली होती. कुंपणाजवळच्या खुर्चीतून तो ओरडायचा, "हात. हात. अगं हात खाली. तुला काय वाटतं, घोडीपेक्षा तुला जास्त कळतं?"

नेल्डाला खरंच जास्त कळायचं, तीच पंचाईत होती. जनावर कुठे वळणार हे तिला घोडीच्या आधी दिसायचं, आणि तिचा हात तिच्या डोळ्यांमागून जायचा.

मार्लाला काहीच दिसायचं नाही. ती डाव्या हाताने खोगिराची मूठ घट्ट धरायची, उजवा हात पेनीच्या मानेवर ठेवायची आणि डोळे जवळजवळ मिटून घ्यायची. जूनमध्ये एका संध्याकाळी पेनीने तिच्या खाली एक वासरू चार वेळा अडवलं. म्हातारा खुर्चीतून उठला. "बरी बसतेस गं," तो म्हणाला.

नेल्डा फाटकाशी होती. तिने फाटक लावलं, मग उघडलं, मग पुन्हा लावलं. तीस वर्षांत हे तीन शब्द तिच्या वाट्याला आले नव्हते.

"ताई, ऐकलंस ना?" मार्ला हसत तिच्याकडे आली. "डॅडी म्हणाले बरी बसते म्हणून. मला तर वाटलं मी मरतेय."

"तुझं काम घोडीने केलं."

"तेच तर. मी फक्त सामान." मार्लाला टोमणा लागलाच नाही. लागला असता तर नेल्डाला बरं वाटलं असतं.

शनिवारी आठ वाजता पेनीवर नेल्डाची पाळी झाली. तिने दोन जनावरं छान निवडली. दुसरं जनावर डावीकडे झुकणार हे तिला दिसलं आणि हात इंचभर उचलला गेला. परीक्षकाला तो इंच दिसला. एकाहत्तर गुण. मागच्या बाजूने जनावरं वळवायला उभा असलेला शेजारी, लॉयड पेन्स, तिच्या जवळून जाताना म्हणाला, "त्या हाताला एकदा खिळा ठोक, नेल्डा. माझ्या गाडीत हातोडी आहे."

"आधी तुझ्या जिभेला ठोकते," नेल्डा म्हणाली.

मार्लाचा गट नंतर होता आणि त्याच्यासाठी नवा कळप आणला. कळप सोडल्यावर दोन घोडेस्वार त्याला मैदानात फिरवून शांत करतात. त्या वेळी जाणकार कुंपणाला टेकून एकेक जनावर पारखून ठेवतात. नेल्डाइतकं ते काम त्या भागात कुणाला जमत नव्हतं. म्हाताऱ्याच्या मते त्यात विशेष काही नव्हतं. "बघायला काय, कोंबड्यासुद्धा बघतात," तो म्हणायचा. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दहा फुटांपलीकडच्या जनावराचा रंग कळायचा, तोंड कळायचं नाही.

नेल्डाने पाहिलं. लाल कालवड, डोकं खाली, घोड्याकडे टक लावून बघणारी: चांगली. कानाला पांढरा डाग असलेली करडी: तीही चांगली. आणि कपाळावर चांदणी असलेली काळी. ही मान वर ताणून धावत होती, घोडा समोर आला तरी त्याच्याकडे बघत नव्हती, एकदा तर सरळ त्याच्या छातीवर गेली. अशी कालवड चांगल्या घोड्यालाही चुकवून कळपात परत घुसते. घुसली की पाच गुण गेले.

मार्ला पेनीवर बसून आली. "ताई, मला सगळ्या गाईच दिसतायत. सांग ना."

कळपाच्या एका कोपऱ्याला नेल्डा स्वतःच्या घोड्यावर बसून उभी राहणार होती. बहिणीच्या पाळीला मदत करायला दुसरं कोण असणार? तिने लाल कालवड सांगायला तोंड उघडलं. कुंपणापलीकडे म्हातारा खुर्ची पुढे ओढून घेत होता. सकाळी नेल्डाच्या पाळीला तो मागेच बसला होता.

"चांदणीची काळी," नेल्डा म्हणाली. "तीच घे."

मार्लाने तीच घेतली.

कालवड बाहेर आली आणि क्षणभर थबकून उजवीकडच्या कुंपणापर्यंत सुसाट गेली. पेनी तिच्या बरोबरीने. कालवड उलटी वळली आणि डाव्या कुंपणापर्यंत गेली. "सोड तिला," लॉयड ओरडला, "मार्ला, वळली की सोड." जनावराने पाठ फिरवली की ते सोडून दुसरं घेता येतं, पण सोडायचं असेल तर हात उचलावा लागतो. मार्लाला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल तर हात उचलायचा कसा हे ती विसरली असावी. कालवड मान वर करून सरळ घोडीवर आली. पेनी इतकी खाली बसली की तिची छाती मातीला लागल्यासारखी दिसली. इथे मी हात उचलला असता, हे नेल्डाला त्याच क्षणी कळलं. मार्लाचा हात होता तिथेच होता. कालवड थांबली. पहिल्यांदा तिने घोडीकडे पाहिलं, डावीकडे गेली, पेनी तिथे. उजवीकडे गेली, पेनी तिथे. मग तिने पाठ फिरवली. कुंपणावरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या.

पंचाहत्तर. त्या दिवशी मैदानात त्याहून जास्त कुणाला मिळाले नाहीत. साधी कालवड अडवली असती तर इतके मिळालेच नसते.

मार्ला घोडीवरून उतरली. म्हातारा काठी टेकत जवळ आला. त्याने आधी पेनीच्या मानेवरून हात फिरवला. मग विचारलं, "ही कालवड कुणी काढायला सांगितली?"

"ताईने."

हॉलिसने डोळे बारीक करून नेल्डा होती त्या दिशेला पाहिलं. "डोळा आहे पोरीला," तो म्हणाला. "एवढी अवघड कालवड सांगायला छाती लागते. मी नसती सांगितली."

नेल्डा घोड्याचा पट्टा सैल करत होती. तो आधीच सैल होता. मार्लाने मागून येऊन तिच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या कॉलरवर रडली. "तू होतीस म्हणून," ती म्हणत राहिली. नेल्डाला तिचे हात सोडवावेसेही वाटले आणि ते तसेच राहावेत असंही वाटलं. म्हाताऱ्याचं वाक्य मात्र ती मनात पुन्हा पुन्हा घोळवत होती, आणि प्रत्येक वेळी ते गोडच लागत होतं.

दुपारी कॉफीच्या गाडीशी लॉयड तिला भेटला. "कळप फिरवत होते तेव्हा मीही बघत होतो," तो म्हणाला. "मला वाटलं ती काळी तुझ्या नजरेतून सुटली."

"नाही सुटली."

"मग तू एक तर फार मोठी जुगारी आहेस, नाहीतर—"

"नाहीतर काय?"

लॉयडने कपात फुंकर घातली. "नाहीतर काही नाही. मार्ला खुश आहे, काका खुश आहेत. मी कशाला बोलू?"

रविवारी चर्चहून परतताना हॉलिसने गाडीतच निकाल सांगितला. फोर्ट वर्थला पेनीवर मार्ला. नेल्डा कोपऱ्यात उभी राहील आणि जनावर निवडून देईल. "मार्ला, तू बस. नेल्डा, तू बघ," तो म्हणाला. "दोघींना जिचं तिचं काम. हे मी आधीच करायला हवं होतं."

"डॅडी, पेनी मी घडवलीय," नेल्डा म्हणाली.

"नाही कोण म्हणतंय? म्हणून तर ती हात न लावता चालते."

शनिवारचं खरं काय ते सांगायची तीच वेळ होती. सांगितली तर मार्लाचे गुण तेच राहणार होते. जाणार होतं ते फक्त म्हाताऱ्याचं वाक्य. उरलेला रस्ता मार्लाच बोलत होती.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी तिघं फोर्ट वर्थला पोचली. रात्री मोटेलच्या खोलीत मार्ला म्हणाली, "ताई, उद्या तू सांगशील तीच. मी दुसरीकडे बघणारसुद्धा नाही."

"बघायला शिक," नेल्डा म्हणाली.

"तू असताना कशाला?"

गुरुवारी दुपारी एक वाजता मार्लाच्या गटासाठी कळप सोडला. नेल्डा कुंपणाला टेकून प्रत्येक जनावर पाहत होती. तिने चार चांगली हेरली, आणि एक तपकिरी, जी मान वर करून धावत होती. म्हातारा तिसऱ्या रांगेत, मधोमध बसला आहे. मार्लाने घोडी कुंपणाशी आणून विचारलं आहे, "कुठली?" नेल्डाने अजून सांगितलेलं नाही. मार्लाच्या आधी तीन स्वार आहेत.