आंतरक्रिया शून्य

स्वरदाने दोन पल्सचा क्रम उलटा केला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. उत्तर तेच आलं. शेवटच्या आकड्यापर्यंत तेच.

तिने खुर्ची पुढे ओढली. प्रोग्रॅम अनयचा होता. तिच्यासारखाच तोही नंदकुमार सरांचा विद्यार्थी, आणि डिसेंबरात तिचा नवरा होणारा. रेणूतल्या दोन अणुकेंद्रकांचे स्पिन, म्हणजे त्यांच्या चुंबकत्वाच्या दिशा, रेडिओलहरींच्या पल्सनी वळवून क्वांटम संगणकाचं गेट कसं तयार होतं, याचं ते सिम्युलेशन होतं. गेटचं काम एवढंच: पहिलं केंद्रक 'वर' असेल तरच दुसऱ्याने उलटायचं. पण शेजारची केंद्रकं एकमेकांवर सतत परिणाम करत असतात. क्रम बदलला की उत्तरात थोडा तरी फरक पडायलाच हवा होता.

ती ओळीमागून ओळ वाचत गेली. पल्स चालू असताना दोन केंद्रकांमधली आंतरक्रिया अनयने शून्य धरली होती. प्रबंधात मात्र ती पूर्ण वेळ चालू ठेवल्याचं छापलं होतं. त्याच प्रबंधावर त्याला पदवी मिळाली होती, आणि जर्मनीतली नोकरीही.

तिने शून्याच्या जागी खरा आकडा घातला. गेट पार बिघडलं. दुसरं केंद्रक अर्धवट वळून राहिलं. टेबलावरचा चहा गार झाला होता. तिने तो तसाच पिऊन टाकला. चव कळली नाही.

दुपारी ती पवईहून बसने मुलुंडला, अनयच्या घरी गेली. हॉलमध्ये सोफ्यावर बॅग उघडी होती आणि अनय तीत स्वेटर कोंबत होता.

"अगं, तू? फोन तरी करायचास ना."

"गॅलरीत ये जरा."

वाळत घातलेले टॉवेल बाजूला सारून दोघं उभी राहिली. खाली सोसायटीच्या आवारात कुणीतरी गाडी धूत होतं. सेमिनारमध्ये सांगावं तसं तिने सांगितलं. आधी पल्सचा क्रम, मग ती ओळ, मग खरा आकडा घातल्यावर आलेलं उत्तर. स्वतःचाच आवाज तिला शेजारच्या खोलीतून येतोय असं वाटत होतं.

अनय टॉवेलचा चिमटा काढत, लावत राहिला.

"माहितेय मला," तो म्हणाला. "जमतच नव्हतं यार ते. व्हायवा तोंडावर आली होती. म्हटलं, नंतर नीट करू."

"केलं नाहीस."

"कोण बघायला जातंय? तू तरी कशाला उलटसुलट करत बसलीस?"

"मला पुढचं काम त्याच्यावर करायचं होतं."

त्याने तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही. तो आपला हात आहे, असंही तिला वाटलं नाही.

"सरांना सांगायलाच हवं का? मी तिकडे जाईपर्यंत तरी थांब ना. प्लीज, स्वरू."

"सांगितलंय," ती म्हणाली. "तिथूनच आलेय."

त्याचा हात सुटला.

तेवढ्यात त्याची आई, नलिनीकाकू, गळ्यात मापाची टेप अडकवून दारात आल्या.

"बरं झालं आलीस गं. तुझ्या ब्लाउजचं माप राहिलंय, टेलर सारखा फोन करतोय. हात वर कर बघू."

स्वरदाने अनयकडे पाहिलं. चिमटा मुठीत धरून तो उभा होता.

तिने हात वर केले. काकूंनी टेप तिच्या छातीभोवती फिरवली आणि थांबल्या.

"श्वास सोड गं," त्या म्हणाल्या. "असा धरून ठेवलास तर माप कसं घेऊ?"