न मागितलेली हळद

सकाळचे अकरा वाजले होते आणि मीनाक्षी घाडी शिवडीच्या भाड्याच्या खोलीत एका मोरपंखी साडीला फॉल लावत बसली होती. साडी अर्थातच लोकांची. बावीस वर्षं ती हेच काम करत होती आणि एवढ्या साड्या हाताखालून जाऊनही तिच्या डोक्यात कधी हवा गेली नव्हती. हवा गेली होती तिच्या नवऱ्याच्या डोक्यात.

वसंत घाडी वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. गोदीजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तो कारकून होता. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर हात उगारणं नाही. त्याला एकच व्यसन होतं आणि ते आपल्याकडे व्यसनात धरत नाहीत. चारचौघांत आपण कमी दिसता कामा नये, हे ते व्यसन.

लालबागची त्यांची चाळ वर्षभरापूर्वी पुनर्विकासासाठी रिकामी झाली. टॉवर उभा राहीपर्यंत बाहेर राहण्यासाठी बिल्डरने दीड वर्षाचं भाडं एकरकमी चेकने दिलं. एवढा आकडा वसंतने दोघांच्या जॉइंट पासबुकात जन्मात पाहिला नव्हता. भाड्याचा पैसा भाड्यालाच लावायचा, हे कळायला काही अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. पण हातात पैसा खुळखुळायला लागला की भल्याभल्यांची मती फिरते. लेकीचं, अनुजाचं लग्न ठरलं आणि सहा महिन्यांत तो चेक हॉलमधला साखरपुडा, अलिबागच्या समुद्रावरचं फोटोशूट आणि नातेवाइकांच्या मानपानात विरघळून गेला. आता खोलीचं भाडं पगारातून जात होतं, तेही रखडत. घरमालक जिन्यात भेटला की मीनाक्षी पदर सावरून भिंतीकडे बघायची.

आणि आता हळद आली होती.

पूर्वी चाळीत हळद कशी व्हायची, ते मीनाक्षीला ठाऊक होतं. गॅलरीत पाट मांडायचा, जात्याला आंब्याची पानं बांधायची, पाच सवाष्णींनी घाणा भरायचा, म्हाताऱ्यांनी ओव्या म्हणायच्या आणि शेवटी सगळ्यांनी एकमेकींची तोंडं पिवळी करायची. खर्च काय, तर चहा आणि कांदेपोहे. पण चार महिन्यांपूर्वी चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या राण्यांच्या प्रितीची हळद परळच्या एका हॉलमध्ये झाली. प्रिती बुलेटवर बसून आत आली, वरून झेंडूच्या पाकळ्या पडल्या, डीजे वाजला. त्याचा व्हिडिओ चाळीच्या ग्रुपवर आला आणि वसंतची झोप उडाली.

"राण्याची पोर बुलेटवरनं आली. आपली काय रिक्षातनं येणार?" तो म्हणाला.

"आपली खोलीतच असेल ना? तिला यायचं कुठनं?" मीनाक्षी हसून म्हणाली. पण वसंत हसला नाही, आणि अनुजाही हसली नाही. परळच्या लॅबमध्ये ती काम करायची. तिथल्या मुलींना तिने पिवळ्या कपड्यांचे फोटो आधीच पाठवले होते. हॉल ठरला, टोकन गेलं, तीनशे माणसांची यादी झाली. उरलेल्या खर्चाच्या आठ लाखांसाठी वसंत एक दिवस कामावरून लवकर सुटून आला.

"साडी बदल गो. लालबागला जायचंय. हितेंद्रकडे एक सही करायची."

हितेंद्र जागांचा एजंट. त्याचं ऑफिस मसाल्याच्या दुकानांच्या रांगेत होतं. आत बसलं तरी मिरच्यांच्या खकाण्याने डोळे चुरचुरायचे. मीनाक्षीची सही लागत होती, कारण चाळीतली खोली तिच्या नावावर होती आणि म्हणून टॉवरमधलं होऊ घातलेलं घरही. तिची सासू, रखमा, गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवायची. वीस-वीस माणसांच्या भाकऱ्या भाजून तिने त्या खोलीची पागडी भरली होती. संपात निम्मे कामगार पैसे न देताच गावी गेले, गळ्यातलं गेलं, भांडी गेली, पण खोली तिने सोडली नाही. शेवटच्या आजारपणात तीन वर्षं तिचं सगळं मीनाक्षीने केलं. जायच्या आधी म्हातारीने भाडेपावती सुनेच्या नावावर करून घेतली. "माझो झील चांगलो आसा, पण त्याका 'नको' म्हणूक येना नाय," एवढंच तिने कारण सांगितलं होतं.

हितेंद्रने कागद पुढे सरकवला. "काही नाही वहिनी, फॉर्मॅलिटी आहे. नवीन घर आम्हाला विकायचं साठेखत करून ठेवायचं. दोन वर्षांत पैसे परत आले की तुमच्यासमोर फाडून टाकतो."

"आणि नाही आले तर?"

"तर काय? घर कुठे पळून जातंय? आमच्याकडेच राहील ना!" हितेंद्र मोठ्याने हसला. पाठोपाठ वसंतही हसला. आपला माणूस आपलंच घर जाण्याच्या गोष्टीवर हसतोय आणि त्याला ते कळतही नाहीये! लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिने त्याला चारचौघांत एकदाही तोडलं नव्हतं. तिने पेन उचललं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"मी सही करायची नाय."

"अगो, हॉलवाल्याला टोकन दिलंय!"

"जाऊ दे टोकन."

"लोक काय म्हणतील?" वसंतचा आवाज चढला. दाराशी बसलेली दोन गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली.

"कुठले लोक, अहो? सत्तावीस नंबरवाले बदलापूरला गेले, राणे नालासोपाऱ्याला, पेडणेकर गावाला. चाळ पाडली, तिथे आता खड्डा आहे. त्या खड्ड्याला दाखवायला आपण घर गहाण टाकायचं?"

 ती उठली आणि एकटीच चालत शिवडीला आली.

घरी आल्यावर जे झालं ते याहून कठीण होतं. नवऱ्याचा अबोला तिने गृहीतच धरला होता, पण अनुजा रडली. "मी पहिल्या पगारापासून घरात पैसे देते, आई. कधी काही मागितलं? एक दिवस मागितला. त्यासाठी तुला एक सही जड झाली?"

मीनाक्षीला वाटलं, उठावं आणि आत्ताच्या आत्ता जाऊन सही करून यावं. लेकीचं म्हणणं खोटं नव्हतं. पोर गुणी होती, कष्टाळू होती, आणि सगळ्या जगाने तिला सांगितलं होतं की हा दिवस असाच असतो. आपणही तर साखरपुड्याला मिरवलो, तेव्हा कुठे तोंड उघडलं? मीनाक्षीला स्वतःचीच लाज वाटली. पण ती उठली नाही. "जड झाली, बाळा," ती म्हणाली आणि स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून तीही रडली.

राहिली होती एक गोष्ट, सगळ्यात अवघड. विहिणीला सांगायचं कोणी? वसंत सांगणार नव्हता, त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मीनाक्षी वरळीला बीडीडी चाळीत गेली. होणाऱ्या जावयाच्या, विनीतच्या घरची बिल्डिंग अजून पाडायची होती. जिना चढताना ती मनात वाक्यं जुळवत होती. लग्न मोडलं तर? "मुलीकडच्यांनी ऐन वेळी हात आखडला," असं म्हणाल्या तर?

विनीतच्या आईने, कौसल्याबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, चहा टाकला. मीनाक्षीने चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. "विहीणबाई, हॉलमधली हळद आम्हाला झेपत नाही, घरीच करू. मी घरावर पैसे काढू दिले नाहीत. तुम्हाला राग आला तर माझ्यावर काढा, पोरीवर नको."

कौसल्याबाई गॅसजवळ तशाच उभ्या राहिल्या. चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मीनाक्षीनेच उठून गॅस बंद केला आणि तेव्हा तिला दिसलं, विहिणीच्या गळ्यात नुसती काळी पोत होती. साखरपुड्याला घातलेलं मंगळसूत्र नव्हतं.

"मंगळसूत्र कुठाय तुमचं?"

"पेढीवर." कौसल्याबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "ह्यांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे संपले, मग ते गहाण ठेवलं. रिसेप्शन वरळीच्या मोठ्या लॉनवर घेतलंय ना."

"एवढं कशाला हो? आम्ही कधी मागितलं?"

"मागितलं नाहीत. पण तुमचा साखरपुडा एवढा दणक्यात, हळद त्याहून दणक्यात. मुलाकडचे म्हणून आमचं साधं कसं दिसणार? मी विनीतला म्हटलं, माणसं मोठ्या हौसेची आहेत. कमी केलं तर पोरीला वाटेल, भिकारड्या घरात पडले."

मीनाक्षीच्या आत्ता ध्यानात आलं. आम्ही त्यांना घाबरून खर्च करत होतो आणि ते आम्हाला. दोन्ही घरं आपापल्या खोलीत जळत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की समोरचा शेकोटी करून मजा बघतोय.

तेवढ्यात दार लोटून विनीतचे वडील आत आले. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हाताने भिंत धरलेली. गुडघे पार गेले होते. दर पावलाला त्यांचं तोंड वेडंवाकडं होत होतं. विहिणीला बघून ते तशातही हसले.

"कधी आलात? बसा, बसा. बरं झालं भेटलात. हळदीला आमची किती माणसं धरायची?"

"तुमचं ऑपरेशन होतं ना ह्या महिन्यात?" मीनाक्षीने विचारलं.

"ते लग्नानंतर. तोवर काय, चालतंय की," ते म्हणाले.

"चालतंय कसलं!" कौसल्याबाईंचा बांध फुटला. "ऑपरेशनचे पैसे लॉनवाल्याला गेले. परत मिळत नाहीत, विचारून आले मी." मग नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "ऐकलंत का, हळद हॉलवर नाही. घरीच करणार म्हणतायत. झेपत नाही म्हणतायत."

म्हातारा माणूस भिंतीला टेकत टेकत खुर्चीत बसला. दुधाची पिशवी मांडीवर तशीच होती. तो रागावेल, असं क्षणभर दोघींनाही वाटलं. पण त्याने मीनाक्षीसमोर हात जोडले आणि त्याचे डोळे भरून आले.

"ताई," तो म्हणाला, "हे तुम्ही महिनाभर आधी का नाही बोललात?"