लग्नघरातलं लाल वटवाघूळ

मित्रांनो, मी एक जुनं कागदी वटवाघूळ आहे. दचकलात ना? दचका खुशाल, मला सवय आहे. आता रंग थोडा विटलाय, पण जन्मलो तेव्हा पिकल्या मिरचीसारखा लालभडक होतो!

माझा जन्म माझगावात, गोदीतल्या एका चिनी सुताराच्या घरी झाला. त्याची बायको लाल कागदाची घडी घालायची आणि इवल्याशा कात्रीने असे वळसे घ्यायची की घडी उलगडताच प्राणी बाहेर यायचा. भरभराट आणणारा मासा, आनंदाची बातमी आणणारे पक्षी आणि सगळ्यांत सुलक्षणी मी! त्यांच्याकडे वटवाघूळ म्हणजे साक्षात सुख. लग्नघरात तर माझा मान मोठा. त्यामुळे मी जन्मापासूनच थोडा शेफारलेला आहे.

ही १९५५ सालची गोष्ट. सुताराच्या जोडीला जॉनी नावाचा मरोळचा फिटर होता. त्याच्या बहिणीचं, नॅन्सीचं लग्न ठरलं, तेव्हा सुताराने मला त्याच्या हाती दिलं. "शादी! अच्छा, बहुत अच्छा!" एवढंच हिंदी त्याला येत होतं. जॉनीने मला उलटंसुलटं पाहिलं आणि घरी जाऊन जाहीर केलं, "चिनी फुलपाखरू आणलंय. झकास ना?"

फुलपाखरू! माझा काय तिळपापड झाला म्हणून सांगू! पण कागदाचं ऐकतो कोण? खळ लावून मला मांडवासमोरच्या खिडकीवर डकवलं. येणाराजाणारा म्हणे, "काय सुरेख फुलपाखरू!" मग माझा राग हळूहळू ओसरला. स्तुती कोणाला नको असते?

लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी' होतं. मांडवापलीकडच्या विहिरीवर मोठा उंबर होता. बायकांनी वाजतगाजत तिथे जायचं, पाणी भरून आणायचं आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं, ही मरोळ-बोरीवलीकडच्या ख्रिस्ती घरांतली जुनी रीत. निघायची लगबग चालली होती, बँडवाले कर्णे पुसत होते, इतक्यात नवऱ्याची मावशी पेट्रिशिया नवरीचा शालू घेऊन बोरीवलीहून आली. ती खिडकीशी थबकली आणि नाक काचेला लागेपर्यंत वाकली.

"अगो बाय, कान बघा ह्याचे! हे फुलपाखरू नाय, वटवाघूळ हाय!"

मी आनंदाने थरथरलो. अखेर कोणीतरी मला ओळखलं! मांडवातल्या बायकांनी मात्र पटापट क्रुसाची खूण केली.

"लग्नाच्या घरात असलं अवलक्षण?" मावशी कडाडली. "आत्ताच्या आत्ता काढा. नायतर हा शालू मी परत नेते!"

जॉनी धावला. त्याचं नख माझ्या डाव्या कानाखाली शिरलं. टर्र! कान फाटला. संपलं, मला वाटलं, आता चूल!

"थांब रे जॉनी!" नॅन्सी पुढे आली.  "मावशी, आपण पाणी कुठून आणणार?"

"उंबराच्या विहिरीवरून."

"तो उंबर लावला कोणी?"

"कोण लावणार? आपोआप उगवला."

"आपोआप नाय. वटवाघळं उंबरं खातात न् बी टाकतात. लहानपणापासून बघते मी. विहिरीच्या भेगेत झाड आलं ते त्यांच्यामुळे. त्या उंबराचं पाणी चालतं, मग त्यांचं चित्र का नको? हे काढायचं तर मला ते पाणीपण नको."

मावशी वळली. तिने उंबराकडे पाहिलं. झाडाखाली रात्रीच्या अर्धवट खाल्लेल्या उंबरांचा सडा होता. शालू अजून तिच्या काखेतच होता. माझा फाटका कान वाऱ्याने फडफडत होता.

"पोरगी तोंडाळ हाय," ती शेवटी म्हणाली आणि खुदकन हसली. "आमच्या घरात शोभेल. वाजवा रे!"

कर्णे असे दणाणले की सांगता सोय नाही! मावशीने स्वतः भाताचं शीत चुरडून माझा कान चिकटवला आणि मगच ती विहिरीकडे गेली.

लग्नानंतर मी नॅन्सीबरोबर बोरीवलीला आलो आणि ट्रंकेच्या तळाशी पडलो. तीन वर्षं कोणी विचारपूस केली नाही. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी मान, सुख सगळं विसरत चाललो होतो. पण आज सकाळी ट्रंक धाडकन उघडली! मावशीच्या स्वतःच्या मुलीचं उद्या लग्न आहे, आणि मावशीच ओरडत होती, "आधी ते वटवाघूळ शोधा! त्याच्याबिगर मी उंबराला जायची नाय!"

बघा, खळ कालवून झालीसुद्धा! मित्रांनो, जरा हळू हाताने लावा, डावा कान नाजूक आहे. आणि संध्याकाळी माझी खरी भावंडं झाडावर आली, तर दगड उचलू नका. कोणाच्या तरी लग्नाचा उंबर ती लावत असतील.