‘ण’खालचे ठिपके

रामनाथने पानावरचा खोडरबराचा भुगा फुंकला, पान उजेडाकडे तिरकं धरलं आणि पुढच्या ठिपक्याला हात घातला. पेन्सिलीचा फिकट ठिपका, अक्षराच्या बरोबर खाली. एकेका पानावर दहा-बारा. सकाळपासूनचं हे सहावं पुस्तक.

पाच वाजता वाचनालयाच्या कार्यकारिणीची सभा होती. ठिपक्यांची तक्रार आठ दिवसांपूर्वी वहीत त्यानेच लिहिली होती: ‘सभासद क्रमांक ४१२ बालविभागातील पुस्तके खराब करतात. ५ एप्रिल २००३.’ लिहिल्यापासून त्याला खुर्चीत धड बसवत नव्हतं. तो उठे, कपाटाच्या काचा पुसे, पुन्हा येऊन बसे. सभेआधी ठिपकेच पुसून टाकावेत, असं आज सकाळी त्याने ठरवलं होतं.

४१२ म्हणजे उमेळ्याची जयवंती. तिची मुलगी तेजस्वी तिसरीत असताना शाळेत बोलेनाशी झाली, तेव्हा जयवंतीने तिला घरीच शिकवायला घेतलं. घरी म्हणजे बहुतेक इथेच. अकरा ते दोन, खिडकीजवळचं टेबल. नकाशांचं पुस्तक, शब्दकोश, गोष्टींची पुस्तकं. पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून तेजस्वी वसईपासून लिस्बनपर्यंतचं अंतर मोजी. जूनमध्ये एका शाळेच्या बाई तोंडी परीक्षा घेऊन तिला पाचवीत बसवणार होत्या. पुस्तक खराब करणाऱ्याचं कार्ड रद्द, असा नियम होता. कार्ड गेलं की मुलीची शाळाच गेली. जयवंतीच्या घरात पंचांगाखेरीज छापील काही नव्हतं.

रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे थॉमस तिकडे बघून म्हणत, “रामनाथ, आता घंटा टांगा एक. पोरगी पास झाली तर हेडमास्तर म्हणून तुमचा फोटो येईल पेपरात.”

रामनाथ नुसता हसे. तो फार बोलत नसे. तहान लागली तर शिपायाकडे बघून अंगठा ओठांशी नेई. एकतीस वर्षांत वाचकांना वाटत आलं होतं, की ग्रंथपाल असाच शांत असावा.

अकराच्या ठोक्याला जयवंती आली. तेजस्वी खिडकीकडे गेली. जयवंतीने पुस्तक त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि ओढणीने कपाळ टिपलं.

“काका, पाच वाजता बोलवलंय मला. कशासाठी?”

“बघू.”

“आणि यातली दोन पाणं सुटलीत. मी फाडली नाहीत. घरून डिंक आणू का?”

“राहू दे. मी चिकटवतो.”

ती खिडकीकडे गेली. रामनाथने डिंकाची बाटली उघडली आणि तशीच हातात धरून बसला. पाणं. पानाचं पाण. ज्याच्या तोंडात ‘ण’ जन्मापासून आहे, तो कधी असं चुकत नाही. ज्याच्या ‘न’ला जन्मभर लोक हसले, ते माणूसच भीतीपोटी चांगल्या ‘न’चाही ‘ण’ करून ठेवतं.

त्याने ते पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदाच ठिपक्यांऐवजी ठिपक्यांवरची अक्षरं वाचली. राणी. लोणी. कोण. वेणी. पण. ठिपका फक्त ‘ण’खाली होता. दुसऱ्या एकाही अक्षराखाली नाही. सबंध जन्म पुस्तकांत गेला, आणि सहा पुस्तकं खोडताना त्याला हे दिसलं नव्हतं.

खिडकीपाशी जयवंती हलक्या आवाजात वाचत होती. ठिपका आला की ती किंचित थांबे, जीभ टाळूला उलटी लावून बघे, मग शब्द उच्चारी. तिच्यामागून तेजस्वी.

रामनाथचं गाव खाडीकाठचं. चौथीत त्याला मास्तरांनी बाकावर उभं करून ‘पानी’ म्हणायला लावलं होतं, शाळा सुटेपर्यंत, आणि वर्ग हसत होता. पुढे तो ‘ण’ शिकला. पण दर वेळी आधी विचार करावा लागे. पण, आणि, म्हणून, कोण. इतक्या ठिकाणी ते अक्षर वाटेत उभं असतं, की माणूस बोलणंच कमी करतो.

त्याने खोडरबर खणात टाकला. मग आपली पेन्सिल काढली, तिला टोक केलं आणि सकाळी खोडलेलं पहिलं पुस्तक पुढे ओढलं. जेवायचा डबा तसाच राहिला. पाच वाजेपर्यंत सहाही पुस्तकं झाली. ठिपके जयवंतीच्या ठिपक्यांपेक्षा गडद आले होते.

सभेला पाच माणसं होती. जयवंती तेजस्वीचा हात धरून दाराशी उभी राहिली. कार्यवाह हरेश, दहा वर्षांपूर्वी दादरहून इकडे राहायला आलेला, पुस्तक चाळून म्हणाला, “या खुणा तुमच्याच ना?”

जयवंतीने वाकून पाहिलं. एका ठिपक्यावरून बोट फिरवलं, बोटाला शिसं लागलं. ती गोंधळली. तिने मान हलवायच्या आधी रामनाथ खुर्ची मागे सारून उभा राहिला.

“त्या खुना माझ्या हायत.”

“कसला खून, काका?” हरेशने विचारलं. टेबलाभोवती हसू पसरलं.

शब्द सुधारून घ्यायला वेळ होता. रामनाथने टेबलाची कड धरली.

“खुना. पेन्सिलीच्या. आज दुपारी मीच केल्या. सहाही पुस्तकांत.”

“आणि ही तक्रार?”

“ती पन मीच लिवली.”

आता कोणी हसलं नाही. हरेशने तक्रारवही मिटली, पुस्तक तिच्यावर ठेवलं, पुन्हा सरळ केलं.

“मग चारशे बाराचा विषय राहतच नाही. कार्ड चालू राहील,” तो म्हणाला. “तुमचं काका, पुढच्या सभेत बघू.” मग जरा खालच्या आवाजात, “बसा तुम्ही. चेहरा उतरलाय. काय हवंय का?”

रामनाथचा अंगठा ओठांकडे अर्ध्यापर्यंत गेला. तिथून त्याने तो खाली आणला.

“पानी,” तो म्हणाला.

शिपाई जागचा उठायच्या आत तेजस्वी आईचा हात सोडवून माठाकडे निघाली होती.