त्यांचे हे

बायको वारल्यावर फोटोवाला तिने काढलेले फोटो पिशवीत घालून नदीकाठच्या गावांना निघाला. दुःख विसरायला गेला असेल, असं लोकांना वाटलं. खरं तर त्याच्या मनात पाल चुकचुकली होती.

ती दरवर्षी एकटीच नदीचे फोटो काढायला जायची. फोटोवाला स्टुडिओ सोडून हलत नसे. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणायचा. तिच्या प्रत्येक फोटोत झाड, पूल, होड्या सगळं एका कडेला आणि दुसरी बाजू मोकळी. "फोटो कललाय," हा म्हणायचा. ती नुसती हसायची. आता आवराआवर करताना त्याला दिसलं, एका फोटोत त्या मोकळ्या जागेत पुरुषाची सावली पडली होती.

पुलाच्या गावात लॉजच्या मावशींनी तिला फोटोवरून ओळखलं.

"दोघांची खोली घ्यायच्या. त्यांचे हे यायचे असायचे ना."

"कोण हे?"

"आता हे म्हणजे हेच! मी काय कुंडली मागणार होते?"

"आले कधी?"

"मी तरी नाही बघितलं. सगळा वेळ काठावर त्या नावाड्याबरोबर असायच्या."

याचे कान तापले. तिने जन्मात त्याला 'हे' म्हटलं नव्हतं. तो तडक काठावर गेला. नावाडी होडीला डांबर लावत होता. उंची, खांदे, सगळं याच्याच मापाचं. याने सावलीचा फोटो त्याच्या नाकासमोर धरला.

"ही सावली तुझीच ना?"

"माझीच. बाई मला तिथे उभं करायच्या, कॅमेऱ्यातून बघायच्या आणि म्हणायच्या, आता सरक बाजूला. त्या दिवशी मी सरकलो, सावली राहिली. बोलणी खाल्ली मी!"

"उभं कशाला करायच्या?"

"मापाला. म्हणायच्या, आमचे हे तुझ्याएवढेच आहेत, ते आले की या मोकळ्या जागेत मावले पाहिजेत."

"खोटं! ती मला कधी हे म्हणाली नाही."

नावाड्याने ब्रश खाली ठेवला. "म्हणजे ते हे तुम्ही? मग घरी काय म्हणायच्या?"

फोटोवाला घुटमळला. "टकलू."

नावाडी फस्सकन हसला. "मग परक्यांना काय सांगणार, टकलू येतोय म्हणून? मावशींनी दारात उभं केलं नसतं!"

फोटोवाला खाली बसला. संशय होता तोवर निदान तिच्यावर रागावता तरी येत होतं. आता राग आपल्याच घरी परत आला.

बऱ्याच वेळाने त्याने कॅमेरा स्टँडवर लावला. पूल डाव्या कडेला घेतला आणि नावाड्याला बटण दाखवलं.

"एवढंच दाबायचं."

"बाईंनी मला कधी हात लावू दिला नाही हो!"

फोटोवाला काठावर जाऊन उभा राहिला.

"हसा की थोडं, साहेब!"

हसणं जमलं नाही. पण बटण वाजेपर्यंत तो जागचा हलला नाही.